जर्मनीला, निघोजेमार्गे

परदेशी जाऊन आलेल्या माणसानं प्रवासवर्णन लिहिलं नाही, तर तो गेलाच नव्हता असं लोक समजतात. मी तर त्या वेळी खरोखरच गेलो नव्हतो, त्यामुळे माझ्यावर लिहिण्याची जबाबदारी जास्त. आमच्या कारखान्याच्या गृहपत्रिकेनं ‘जर्मनीतील माझे दिवस’ या लेखासाठी चार पानं राखून ठेवली होती. ती शेवटी वृक्षारोपणाच्या फोटोंनी भरली. तेव्हा राहून गेलेलं आज लिहितो आहे, ज्यांनी अजून निघोजे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी.

तयारी

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. मी चिंचवडच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग खात्यात सुपरवायझर होतो. पश्चिम जर्मनीतून एक नवं यंत्र यायचं होतं आणि ते शिकून घ्यायला कंपनी एका माणसाला तीन महिन्यांसाठी तिकडे पाठवणार होती. माझं नाव निघालं. आमच्या खात्यातून तोवर सर्वांत लांब गेलेला माणूस म्हणजे भोसरीला गेलेला एक फोरमन. मला जायचं होतं. लहान मुलाला जत्रेला जायचं असतं तसं जायचं होतं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे मी बेफिकिरीचा बराच आव आणणार आहे.

कंपनीतल्या एका साहेबांनी आपला जुना ओव्हरकोट मला वापरायला दिला. साहेब चांगले उंचेपुरे. मी त्यांच्या खांद्याशी संपतो. कोट माझ्या घोट्यापर्यंत यायचा आणि बाह्यांतून हात बाहेर काढायला बायकोची मदत लागायची. तो सूटकेसमध्ये मावेना, म्हणून अंगावर घालूनच न्यायचा असं ठरलं. मे महिन्यात रोज संध्याकाळी मी तो सवय व्हावी म्हणून घालून बसे. चाळीतली माणसं येऊन बघून जात.

मग काट्याचमच्याचा सराव. आमच्या मंडळींनी, म्हणजे नलूनं, त्यासाठी मुद्दाम थालीपीठ केलं. मी सुरी लावली, तुकडा उडाला आणि आईच्या जपमाळेवर जाऊन बसला. आईनं तो उचलला, बाजूला ठेवला आणि जप पुढे चालू केला. रामनाम संपल्यावर म्हणाली, “तिथं एकटाच जेवत जा.”

तिनं माझ्यासाठी शिधा बांधला होता: मेतकूट, थालिपिठाची भाजणी, लिंबाचं लोणचं आणि डबाभर चकल्या. सगळ्या डब्यांच्या झाकणांवर मेणबत्तीचं मेण ओतून ते बंद केले होते. जर्मनीला पोचेपर्यंत उघडायचे नाहीत अशी ताकीद होती.

आईला जर्मनीचं वावडं नव्हतं. तिकीट आलं तेव्हा मात्र तिनं चष्मा लावला, पंचांग काढलं आणि विचारलं, “जर्मनी कुठल्या दिशेला रे?”

“पश्चिमेला.”

“आणि विमान?”

“शुक्रवारचं.”

आईनं पंचांग मिटलं. “शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल असतं. त्या दिवशी त्या दिशेला निघायचं नाही. तुझे वडील असेच शुक्रवारी मुंबईला गेले, टायफॉइड घेऊन परत आले.”

“टायफॉइड पाण्यातून होतो, आई.”

“पाणी कुठल्या दिशेचं होतं?”

 शेवटी जोशी गुरुजींना बोलावलं. गुरुजी पहिल्या पाळीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून आणि दुसऱ्या पाळीत गुरुजी. दोन्हीकडची भाषा त्यांच्या तोंडात एक होऊन गेली होती.

“अडचण काय त्यात?” ते म्हणाले. “आदल्या दिवशी, गुरुवारी, प्रस्थान ठेवू. गुरुवारी शूल दक्षिणेला. माल गुरुवारी गेटबाहेर काढायचा, डिस्पॅच शुक्रवारी.”

प्रस्थान म्हणजे मुहूर्तावर घर सोडायचं आणि शेजारच्या एखाद्या घरी मुक्कामाला जायचं. प्रवास तिथूनच सुरू झाला असं धरतात, मग गाडी कधी का सुटेना. अट एकच. एकदा निघालं की आपल्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. ओलांडला तर प्रवास मोडला. बहुतेक लोक स्वतः जातही नाहीत, एखादा नारळ नाहीतर उपरणं शेजारी नेऊन ठेवतात आणि रात्री घरीच झोपतात. मीही तेच सुचवलं.

“नारळ जाणार आहे का जर्मनीला?” आई म्हणाली. शिवाय तिनं आपली एक अट जोडली: निघालेल्या माणसाच्या मागे घरच्या कुणी जायचं नाही, त्यानं पाय अडकतो.

पहिला मुक्काम: गायकवाडांचं घर

आमच्या घराच्या बरोबर पश्चिमेला, गल्लीच्या पलीकडे, गायकवाड राहत. लातूरकडचे, आमच्याच कारखान्यात वेल्डर. गुरुवारी संध्याकाळी अख्खी चाळ मला पोचवायला जमली. शाल झाली, श्रीफळ झालं, दोन भाषणं झाली. कुणी थर्मास सांगितला, कुणी दाढीचं ब्लेड, एका आजोबांनी “तिकडची थोडी माती” आणायला सांगितली; कशाला ते सांगितलं नाही. आईनं हातावर दही ठेवलं. नलूनं ओवाळलं. मी ओव्हरकोट चढवला, गळ्यात हार घातले, सूटकेस उचलली आणि जर्मनीच्या दिशेनं गल्ली ओलांडली. बायका रुमाल हलवत होत्या. एक-दोघींनी डोळेही पुसले. मी गायकवाडांच्या दारात शिरलो, मागे वळून हात हलवला, आणि सगळे जण जेवायला आपापल्या घरी गेले.

पहाटे कंपनीची मोटार यायची होती. ती आली नाही. उन्हं वर आल्यावर कंपनीचा शिपाई सायकलवरून चिठ्ठी घेऊन आला. जर्मनीतल्या त्या कारखान्यात संप सुरू झाला होता. पुढची सूचना येईपर्यंत तयारीत राहावे.

संप म्हटल्यावर गायकवाडांना जर्मनीबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. “बोनसचा असंल,” ते म्हणाले. “मिटल की. तवर ऱ्हावा हितं, लाजू नगा.”

मी कामावर जाऊ शकत नव्हतो, कारण कंपनीनं मला रीतसर मोकळं केलं होतं आणि माझ्या खुर्चीवर खात्यातला कुलकर्णी बसला होता. घरी जाऊ शकत नव्हतो, कारण प्रवास मोडला असता. गल्लीतही फिरता येईना. ज्या लोकांनी आदल्या दिवशी डोळे पुसून निरोप दिला त्यांच्यासमोर हातात दुधाची बरणी घेऊन उभं राहायचं तोंड कुणाला आहे? दुधवाले नाना सकाळी दारात आले आणि मला पाहून त्यांनी घागर खालीच ठेवली.

“सायेब! कवा आलात जर्मनीवरनं?”

मी आत गेलो आणि दार लावून घेतलं.

आता त्या मुलखाबद्दल. गायकवाडांकडे ज्वारीची भाकरी पहाटेच होते आणि दिवसभर पुरते. आमच्याकडे आमटीत गूळ पडतो, त्यांच्याकडे तो विनोदाचा विषय आहे. त्यांचं येसराचं, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या तिखट मसाल्याचं, कालवण पहिल्या दिवशी खाल्लं तेव्हा माझ्या कानांतून वाफा निघाल्या. चौथ्या दिवशी मी स्वतः मागून घेतलं. “जेवलाव का?” हा तिथला नमस्कार आहे आणि “हो” म्हटलं तरी ताट येतं. गायकवाडवहिनी माझ्या काट्याचमच्याकडे बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “भाऊ, भाकरी काय पळून चालली व्हय? हातानं धरा की तिला.”

पण तिथली खरी प्रेक्षणीय जागा म्हणजे त्यांची पुढची खिडकी. तिच्यातून समोर माझं घर दिसे. आपलं घर बाहेरून बघायचा प्रसंग माणसावर सहसा येत नाही. आई दुपारी उखळाशी बसून गाणं म्हणते हे मला ठाऊकच नव्हतं. आणि एकदा संध्याकाळी नलू शेजारणीशी बोलता बोलता मोठ्यानं हसली. डोकं मागे टाकून, भिंतीला हात टेकून. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत आई. आम्ही जे काही बोलत असू ते हळू आवाजात आणि बहुतेक गहू निवडण्याबद्दल. ती इतक्या मोठ्यानं हसू शकते हे मला गायकवाडांच्या खिडकीतून कळलं, आणि ते कुणाला सांगताही येईना. मला वाईट वाटलं. मग राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

काही दिवसांनी गुरुजी तपासणीला आले. त्यांनी नवी अडचण काढली.

“प्रस्थानाला मुदत असते. राजाला दहा दिवस, सरदाराला सात, सामान्य माणसाला पाच. त्यापुढे एकाच जागी राहिलं तर प्रस्थान बाद.”

आपल्याच अटीमुळे बाहेर गल्लीत उभ्या असलेल्या आईनं तिथूनच विचारलं, “सुपरवायझर कशात धरायचा?”

गुरुजींनी विचार केला. “हाताखाली किती माणसं?”

“बावीस,” मी म्हणालो.

“मग सरदारात धरू. पण सातच्या पुढे एक्स्टेन्शन नाही. पुढच्या शिवेपलीकडे सरकावं लागेल. मागे यायचं नाही, फक्त पुढे. येत्या गुरुवारी निघा. गुरुवारी शूल दक्षिणेला, उत्तर मोकळी आहे.”

“पण जर्मनी पश्चिमेला आहे!”

“पृथ्वी गोल आहे,” गुरुजी म्हणाले.

दुधाचा रतीब घालून नाना दारातच टेकले होते. त्यांचं गाव निघोजे, चाकणच्या बाजूला, इंद्रायणीपलीकडे. ते म्हणाले, “मंग आमच्याकडं चला की सायेब. मदी तळवड्याची शीव हाय, नदी हाय. दोनी वलांडायच्या. यकदम पक्कं काम व्हईल.”

आईनं गल्लीतूनच मान हलवली. अशा रीतीनं मी पश्चिमेला जाण्यासाठी उत्तरेला निघालो.

दुसरा मुक्काम: निघोजे

तळवड्यापर्यंत नानांच्या सायकलवर, मागे रिकाम्या दुधाच्या घागरी आणि पुढच्या दांडीवर मी, ओव्हरकोटात. तळवड्याच्या पुढे शेतं संपून नदीचा काठ लागला. तिथं उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येते. मी पँट गुडघ्याच्या वर दुमडली, सूटकेस डोक्यावर घेतली आणि पाण्यात उतरलो. मधोमध गेल्यावर ओव्हरकोटाचं खालचं टोक पाण्यावर तरंगायला लागलं. ते एका म्हशीनं हुंगलं. परदेशात पहिल्यांदा भेटणाऱ्याशी कसं बोलावं याचा मी पाठ केला होता, म्हणून तिला म्हणालो, “गुटेन टाग.” नाना खूश झाले. “कळतंय तिला,” ते म्हणाले.

निघोज्याला नानांचं कौलारू घर, पुढे अंगण, बाजूला कांद्याची चाळ. त्यांची बायको पारूबाई. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, “ह्यास्नी थंडी वाजतीया व्हय?”

माझ्याकडे परदेशी जायचेच कपडे होते. दोन सूट, टाय, लोकरीचे मोजे. घरून आणखी काही मागवता येत नव्हतं, कारण आईच्या मते निघालेल्या माणसाच्या सामानात भर घालणं अशुभ. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी निळा सूट घालून गावातून फेरफटका मारला. तासाभरात गावात बातमी पसरली की सरकारी माणूस जमीन मोजायला आलाय. चिंचवड-भोसरीकडे कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तशा आता आमच्याही जाणार, असं त्या गावात लोक आधीपासूनच कुजबुजत होते. त्यात मी सूटमध्ये, आणि वर मान करून चहूकडे बघत.

एका म्हाताऱ्यांनी माझा हात धरला आणि मला थेट आपल्या रानाच्या टोकाला नेलं. तिथं नुसता खडक होता.

“बगा सायेब. हितं काय उगवतंय? ह्यावर कारखाना न्हाई, साधं कुत्रं उभं ऱ्हानार न्हाई.”

“आजोबा, मी जमीन मोजायला आलेलो नाही.”

“मंग कशाला आलाय?”

“मी जर्मनीला चाललोय.”

म्हाताऱ्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा खडकाकडे पाहिलं. मग त्यांनी हात सोडला. “हिकडनं?” त्यांनी विचारलं. सरकारी माणूस एवढं वाईट खोटं बोलणार नाही, याची त्यांना खात्री पटली असावी. त्यांनी मला एक कच्चा कांदा दिला आणि घरी सोडलं.

त्यानंतर गावाला माझी सवय झाली. संध्याकाळी मी अंगणात ओव्हरकोट पांघरून बसे आणि लोक जर्मनीची चौकशी करायला येत. मी न पाहिलेल्या देशाबद्दल इतकं बोललो की माझाच विश्वास बसायला लागला. “तितं म्हशी कशा हायेत?” या प्रश्नावर मात्र मी अडकलो. मी म्हणालो, तिथं म्हशी नाहीत. मंडळींना जर्मनीची कीव आली.

मेणानं बंद केलेले डबे मी आठवडाभर राखले. मग एका रात्री पारूबाईंच्या पिठल्याबरोबर तोंडी लावायला काही नव्हतं, तेव्हा चकल्यांचा डबा फोडला. दुसऱ्या दिवशी मेतकूट गेलं. जर्मनीसाठी बांधलेली तीन महिन्यांची रसद निघोज्यात पंधरवड्यात संपली. पारूबाईंना लोणचं गोड लागलं, पण भाजणीचं थालीपीठ त्यांनी गावभर वाटलं. त्यांच्याकडे पाहुण्याला रिकामं ठेवायची रीत नाही, रिकाम्या डब्यांत त्यांनी लसणाची चटणी, कुरडया आणि शेंगा भरल्या आणि म्हणाल्या, “तितं ग्येल्यावर खावा. बिनम्हशीच्या मुलकात काय खाशीला?”

रोज दूध घालून परतताना नाना घरची खबर आणत. खबर एकच असे: संप चालूच आहे.

नदीकाठ

पहिल्या रविवारी नाना म्हणाले, “नदीवर चला. वैनी आल्यात.”

आईनं नलूला काठापर्यंत यायची परवानगी दिली होती. पलीकडे येणं म्हणजे मागे येणं, त्याला सक्त बंदी. ती तळवड्याच्या काठावर उभी होती, हातात डबा, डोक्यावर पदर. मी निघोज्याच्या काठावर, निळ्या सुटात. मधे इंद्रायणी. दोन्ही काठांवर बायका धुणं धूत होत्या.

डबा नानांनी आणला. नदीच्या मधोमध थांबून त्यांनी झाकण उघडलं, आतली एक वडी तोंडात टाकली, आणि मगच पुढे आले. “जकात,” ते म्हणाले.

आता बोलायचं तर ओरडावं लागणार. सात वर्षं आम्ही कुजबुजत होतो. नलूनं आधी धुणं धुणाऱ्या बायकांकडे पाहिलं. मग तिनं हाताचा कर्णा केला. “नीट जेवता काऽ?”

मी उत्तर देण्याआधीच धुणं धुणारी एक बाई ओरडली, “जेवत्यात, जेवत्यात! तीन तीन भाकरी वडत्यात!”

पलीकडच्या बायका हसल्या. नलूही हसली, मोठ्यानं, डोकं मागे टाकून. या वेळी ती मला बघून हसत होती.

त्यानंतर ती दर रविवारी आली. आम्ही ओरडून ओरडून बोलत असू. तिला शाळेत भूगोलात पहिला नंबर मिळाला होता हे मला त्या नदीवर कळलं. मी झोपेत मराठीतच पण जर्मन सुरात बडबडतो हे पारूबाईंनी माझ्या वतीनं तिला ओरडून सांगितलं. दोन्ही काठांच्या बायका आमचं धुणं धूत होत्या म्हणा ना. आम्हांला त्याची लाज वाटायला हवी होती. दुसऱ्या रविवारनंतर वाटेनाशी झाली. शनिवारी रात्रीपासून मी नदीची वाट बघायला लागे आणि जर्मनीची आठवण मला मुद्दाम काढावी लागे.

तिसऱ्या रविवारी ती जायला वळली आणि परत फिरली.

“तिकडून पत्र लिहाल नाऽ?”

“लिहीनऽ!”

“आईंना नाहीऽ! मलाऽ! पाकिटावर माझं नाव घालूनऽ!”

परगावाहून मी आजवर जी पत्रं लिहिली ती सगळी तीर्थस्वरूप आईला. आई ती मोठ्यानं वाचून दाखवी. शेवटी एक ओळ असे, चि. सौ. नलूस अनेक आशीर्वाद. तेवढंच तिचं. ते तिला सात वर्षं सलत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.  धुणं थांबलं होतं. दोन्ही काठ माझ्याकडे बघत होते.

“लिव्हत्याल की!” अलीकडची बाई मला दरडावून म्हणाली. “बोला की वो, मुके झालाय व्हय?”

“तुझ्या नावानं लिहीनऽ!” मी ओरडलो.

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी मी नदीवर सुटाची पँट धूत होतो. नाना सकाळीच परतले होते, नवी खबर नव्हती. मान वर केली तर पलीकडे नलू उभी. रविवार नव्हता. हातात डबा नव्हता. मी हाक मारली, तिनं उत्तर दिलं नाही. तिनं चपला काढून हातात घेतल्या, निऱ्या गोळा केल्या आणि ती सरळ पाण्यात उतरली.

आईची बंदी मोडून ती पाण्यात उतरली तेव्हाच मला कळलं. आता पाय अडकायला प्रवासच उरला नव्हता.

ती मधोमध आली तरी मी काठावर तसाच उभा. धुणं धुणाऱ्या एकीनं पुढे होऊन तिला हात दिला. माझ्यासमोर येऊन ती हळू आवाजात म्हणाली, घरातल्यासारखीच, “शिपाई आला होता. कुणालाच पाठवणार नाहीत. तिकडचाच माणूस यंत्र घेऊन इकडे येणार आहे.”

मी खाली दगडावर बसलो. बेफिकिरीचा आव आणायला सुचलं नाही. ओली पँट मांडीवर घेऊन मी रडलो, आणि ते दोन्ही काठांनी पाहिलं. अख्ख्या चाळीनं दिलेले हार, आजोबांनी मागितलेली माती, खुर्चीवर बसलेला कुलकर्णी, सगळं एकदम आठवलं. नलू शेजारी बसून राहिली. तिनं समजूत घातली नाही.

मग माझ्या मांडीवरची पँट घेऊन तिनं पिळली आणि म्हणाली, “आता आलेच आहे, तर दाखवा की तुमचा परदेश.”

मग मी तिला दाखवला. कांद्याची चाळ दाखवली, म्हाताऱ्यांचा खडक दाखवला, जर्मन समजणारी म्हैस दाखवली. मी पुढे, ती माझ्या शेजारी, मागे नव्हे. पारूबाईंनी तिची खणानारळानं ओटी भरली आणि येसर न घालता केलेलं कालवण वाढलं, आमच्या लोकांना सोसेल असं. मी हातानं जेवलो.

परत

संध्याकाळी आम्ही दोघं नदी ओलांडून, बसनं चिंचवडला आलो. दोन्ही हातांत पारूबाईंचे डबे होते, म्हणून ओव्हरकोट पुन्हा अंगावरच. गल्लीत सगळे दारांत आले. कुणी काही विचारलं नाही. आई उंबरठ्यात भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी होती, लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात तसा. तिनं तो माझ्यावरून उतरवला. मग नलूकडे पाहिलं, तिच्या साडीचा ओला काठ पाहिला, आणि मला वाटलं, आता बोलणार. आईनं दुसरा तुकडा घेतला आणि तिच्यावरूनही उतरवला.

“आत या,” म्हणाली. “दोघंही वाळलात.”

पुढे तो जर्मन माणूस आला. जेवायला घरी बोलावलं तेव्हा आईनं माझ्याकरवी त्याला एकच प्रश्न विचारला: कुठल्या वारी निघालास? तो म्हणाला, शुक्रवारी. आईनं बोटांवर हिशेब केला. जर्मनीहून आपण पूर्वेला. शुक्रवारी पूर्व मोकळी. “म्हणून सुखरूप आला,” ती मला म्हणाली, आणि त्याला आणखी एक थालीपीठ वाढलं. त्यानं ते हातानं खाल्लं.

दोन वर्षांनी कंपनीनं मला खरोखरच तिकडे पाठवलं. विमान पुन्हा शुक्रवारचंच. मी आईला घाबरत घाबरत सांगितलं. ती म्हणाली, “तुझं प्रस्थान कधीच झालंय. जा.”

त्या देशाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. एवढंच सांगतो, की मी राहिलो त्या गावातही एक नदी होती, स्वच्छ, दोन्ही काठांना झाडं. पहिल्याच रविवारी मी तिच्यावर गेलो. ओव्हरकोट तिथंही मला मोठाच होत होता. पलीकडच्या काठावर एक बाई कुत्रं घेऊन उभी होती. का कोण जाणे, मी हाताचा कर्णा केला आणि ओरडलो, “जेवलात काऽ?”

ती दचकली नाही. तिनं हात हलवला आणि काहीतरी लांबलचक ओरडून सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही. मी खोलीवर परत आलो, ओव्हरकोट न काढताच टेबलाशी बसलो आणि पाकिटावर आधी नलूचं नाव लिहिलं.